अर्ध्या सुराची खुडबुड

प्रिय खुडबुडे,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. आपल्या घरी आलेलं नवं वॉशिंग मशीन कपडे धुऊन झाले की गाणं म्हणतं. जुनं मशीन काम संपलं की एकदा गुरगुरायचं आणि गप्प बसायचं, घरातल्या बाकीच्या जुन्या माणसांसारखं. हे नवं मात्र एक चादर आणि माझे मोजे धुतल्याचा आनंद अख्ख्या इमारतीला ऐकवतं. धून चांगली लांबलचक आहे. तिला मुखडा आहे, अंतरा आहे, शेवटी लय धीमी करून भावुक होणंही आहे, आणि मध्येच बंद करायची सोय नाही. मी माहितीपुस्तिका वाचली. तक्रार विभागाला फोन केला. तिथल्या बाईंनी "सर, ग्राहकांना ते आवडतं" असं सांगून मला ग्राहक या जमातीतूनच काढून टाकलं. शेवटी मी स्वतः बटणांकडे वळलो, तर तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हात लावू नकोस. तू बटणांना हात लावलास की काय होतं ते बघितलंय." हा टोमणा तुला आत्ता कळणार नाही. पुढे कळेल.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नीट बोललो नाही, हे तुझ्या लक्षात आलं असणारच. ज्या कंपनीने "सध्या जागा नाही, झाली की कळवू" असं सांगून तुला कधीपासून ताटकळत ठेवलं होतं, तिने आपणहून डेमोची नोकरी देऊ केली. तू ओरडून सांगत होतीस, मागे तुमच्या दुकानात कुणीतरी ड्रम बडवत होतं, आणि मी "वा, छान, अभिनंदन" असं बक्षीस समारंभातल्या पाहुण्यासारखं बोललो. तू म्हणालीस, "बाबा, सरांची जागा मिळतेय मला! सरांची!" मग आवाज उतरवून विचारलंस, "पण सरांनी सोडलं का रे?" मी दूध उतू चाललंय म्हणून फोन ठेवला. दूध गॅसवर नव्हतं. घरातच नव्हतं.

आता क्रमाने सांगतो. यातलं पुष्कळ तुला माहीत आहे, तरी सांगतो, कारण क्रम सोडला तर मधला भाग मी शिताफीने गाळीन. धंदाच तो आहे माझा.

संपादकबाईंनी मला, तू ज्यांना नुसतं ऐकून सर मानतेस त्यांची मुलाखत घ्यायला सांगितली तेव्हा मी हसलो होतो. बाजारात ज्यांना सगळे डेमोमास्तर म्हणतात, त्या माणसाचं काम काय, तर दुकानात नाहीतर प्रदर्शनात उभं राहून कंपनीचे कीबोर्ड आणि सिंथेसायझर असे वाजवायचे, की ऐकणाऱ्याला वाटावं हे घरी नेलं की आपणही असेच वाजवू. नेल्यावर तो काय वाजवतो हे शेजाऱ्यांना विचारावं. बाई म्हणाल्या, "तुमच्या नेहमीच्या तिखट शैलीत होऊ द्या." माझ्याकडून गोड काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी प्रश्न काढायला बसलो आणि हातात ओले चणे आल्यासारखा एकेक सोलत गेलो. आपण वाजवता की यंत्र वाजवतं, आणि या विषयावर आपल्या दोघांत कधी वाद होतो का? आयुष्यात एखादं गाणं आपण शेवटपर्यंत वाजवलं आहे का? ग्राहकाने यंत्र न घेता फक्त आपलं कौतुक केलं, तर घरी गेल्यावर जेवण मिळतं का? प्रश्न वाचून मी स्वतःच हसत होतो. तुझी आई म्हणाली, "यात त्या माणसाने उत्तर द्यायची जागा कुठे आहे?"

गाणं शेवटपर्यंत वाजवण्याचा प्रश्न मला दुकानात जाऊन त्यांना बघितल्यावर सुचला होता. तू सांगितलं होतंस ते खरंच निघालं. ते कुठलीच धून पूर्ण करत नाहीत. ओठावर येईल इतकी वाजवतात आणि ऐन रंगात आवाज बदलतात. व्हायोलिन सोडून पियानो, पियानो सोडून बासरी. समोरचा माणूस उपाशी राहतो आणि किंमत विचारतो. मी ओळख दिली तेव्हा स्वारी खूश झाली. माणूस तसा मानी, थोडा बढाईखोर. स्टेजवर चष्मा लावत नाही, कारण चष्म्याने म्हातारं दिसतं. आणि कानाचा गर्व केवढा! बाहेर एका गाडीने हॉर्न दिला तर हे लगेच त्याची पट्टी सांगून मोकळे, "काळी दोन." लिफ्टची घंटा वाजली, "पांढरी पाच, जरा उतरलेली." त्यांनी मला आपणहून सांगितलं, की कंपनीला हल्ली वाटतं, जिवंत माणूस कशाला, व्हिडिओ दाखवले की झालं. वर्षातून एकदा सगळे विक्रेते जमतात तो मेळावा तोंडावर होता. "नवं मॉडेल मी वाजवून दाखवणार. तिथे रंग चढला तर आहे मी अजून. नाहीतर मग बसा व्हिडिओ बघत." हे ते हसत म्हणाले, पण बोलताना हात मात्र पट्ट्यांवरून फडकं फिरवत राहिला.

तूही मला एक प्रश्न दिला होतास, आठवतं? सर बासरीचा आवाज लावतात तेव्हा मध्येच हात उचलतात, तेवढ्यात सूर तुटतो, तसं का करतात, विचार. मी तो लिहून घेतला आणि दुसऱ्या वाचनात त्यावर काट मारली. बाळबोध वाटला. वाचक कंटाळेल असं वाटलं. ही माझी पहिली चूक, आणि पुढच्या चुकांच्या मानाने फारच गोंडस.

मेळाव्याच्या दिवशी दारं उघडायच्या आधी या, निवांत बोलू, असं त्यांनी सांगितलं होतं. मी गेलो. मोठं दालन, खुर्च्यांच्या रांगा, स्टेजवर एकच कीबोर्ड, त्यावर एकच दिवा. सोबत वाजवायला एक बासरीवाले आले होते, शांत गृहस्थ, फुंकण्यापुरतंच तोंड उघडणारे. खेळ असा ठरला होता, की लोकांना डोळे मिटायला सांगायचं, एक ओळ कीबोर्डने बासरीच्या आवाजात वाजवायची, तीच ओळ खऱ्या बासरीने, आणि विचारायचं, ओळखा खरी कुठली. दोघांनी सूर जुळवून घेतला. काळी एक. डेमोमास्तरांनी एकूण एक बटण बोट लावून तपासलं, तोंडाने पुटपुटत, घराला कुलूप लावणाऱ्या माणसासारखं. मग म्हणाले, "बसा, मी कोट घालून आलो. मग विचारा काय ते." बासरीवाले चहाला गेले. मी स्टेजवर एकटा. रिकामं स्टूल दिसलं, बसून पाहिलं. बसल्यावर माणूस जे करतो ते केलं. डेमोमास्तर कोट घालून आले ते विक्रेत्यांना घेऊनच, आणि मुलाखत कार्यक्रमानंतर घ्यायची ठरली. मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो.

लोकांनी डोळे मिटले. कीबोर्डवर बासरी वाजली, खरोखर सुंदर, मध्ये हात उचलून वगैरे. मग खऱ्या बासरीने तीच ओळ घेतली आणि मिटलेले डोळे पटापट उघडले. चांगल्या घासात खडा लागावा तसं झालं. डेमोमास्तरांनी बासरीवाल्यांकडे रोखून बघितलं आणि पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. आता ते माइकवरूनच म्हणाले, "अहो, पट्टी कुठली धरलीत?" बासरीवाले म्हणाले, "ठरलेलीच. काळी एक." "मग मी काय वाजवतोय?" हे त्यांनी टोमण्यासारखं विचारलं. बासरीवाल्यांनी बासरी खाली घेतली. डेमोमास्तरांनी खाली पट्ट्यांकडे बघितलं, बोटं योग्य जागी होती, आणि मग त्यांनी पुन्हा विचारलं, "मग मी काय वाजवतोय?" या खेपेला तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच उत्तर हवं होतं. बासरीवाले अवघडून दोन पावलं मागे सरले, आणि पहिल्या रांगेतून एक माणूस खणखणीत आवाजात म्हणाला, "निघाली बासरी माहेरी!"

हशा असा झाला की विचारू नकोस. मागच्या रांगांनी पुढच्यांना काय म्हणाले ते विचारून घेतलं आणि त्या पुन्हा हसल्या. तो माणूस मी. सुचलं की थांबता येत नाही हे मी इतकी वर्षं कौतुकाने सांगत आलो.

साउंडवाला धावत आला आणि साउंडवाले करतात तेच त्याने केलं, यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. आता सूर तंतोतंत जुळला. म्हणजे यंत्र ठीक, बासरी ठीक. डेमोमास्तरांनी सगळ्यांसमोर बासरीवाल्यांची माफी मागितली, कार्यक्रम कसाबसा उरकला आणि मुलाखत न देता मागच्या दाराने गेले. आठवड्याच्या आत त्यांनी राजीनामा दिल्याचं कळलं. कंपनीने काढलं नाही. त्यांनीच लिहून दिलं, की आता माझ्या कानाचा भरवसा राहिला नाही.

संपादकबाई म्हणाल्या, मुलाखत गेली तर गेली, झालं तेच लिहा. मी लिहिलं. खोटा विनय कशाला, झकास उतरलं होतं. पाठवण्याआधी सवयीप्रमाणे तुझ्या आईला वाचायला दिलं. ती एरवी ज्या जागी हसते त्या जागा आल्या आणि गेल्या. शेवटी कागद खाली ठेवून तिने विचारलं, "अर्धाच सूर खाली होता? बरोबर अर्धा?" मी म्हटलं, हो, बासरीवाले नंतर तसंच म्हणत होते. "आणि बंद करून चालू केल्यावर नीट झालं." मी म्हटलं, हो. "आणि त्याआधी स्टुलावर कोण बसलं होतं, ते मला घरी येऊन सांगितलंस, यात लिहिलेलं दिसत नाही." तिने एवढंच म्हटलं आणि कपडे वाळत घालायला गेली.

तुला तुझा पहिला कीबोर्ड आठवतो, ज्याच्यावरची धूळ मी एका रविवारी प्रेमाने पुसली होती? संध्याकाळी तू वाजवत गायला बसलीस आणि रडत आलीस. रोजचं गाणं रोजच्या पट्ट्यांवर वाजत होतं, पण गळ्याशी जुळत नव्हतं. तू दोन्ही हातांनी कान धरून सांगत होतीस, "माझा कान गेला." मग तूच ते शोधून काढलंस. ट्रान्सपोज नावाचं एक बटण असतं, ते दाबलं की बोटं काळी एकवर आणि आवाज पांढरी एकचा, म्हणजे बरोबर अर्धा सूर खाली. पडद्याच्या कोपऱ्यात मुंगीएवढं 'वजा एक' दिसतं, बाकी कुठे मागमूस नाही, आणि यंत्र बंद केलं की तेही पुसलं जातं. तू फडकं माझ्या हातातून काढून घेतलंस आणि बजावलंस, "बाबा, या बटणाला पुन्हा हात लावायचा नाही." खुडबुडी हे नाव मी तुला ठेवलं होतं. घरातला खरा खुडबुड्या कोण, हे त्याच दिवशी कळायला हवं होतं.

त्या स्टुलावर बसून मी काय काय दाबलं ते मला सांगता येणार नाही. पण कोपऱ्यातलं ते वजा एक मला दिसलं होतं. दिसलं, आणि कोट घालून येणाऱ्यांची पावलं ऐकू आली म्हणून मी उठलो. तेव्हा ते काय आहे ते आठवलं नाही, हे खरं आहे. बासरीने ओळ घेतली त्या क्षणी आठवलं, हेही खरं आहे. नुसतं उभं राहून "अहो, ट्रान्सपोज" एवढं म्हणायचं होतं. तेवढ्याच श्वासात मी ते दुसरं म्हटलं. का म्हटलं याचा फार विचार केला. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघत राहावं, माझ्याकडे बघू नये, म्हणून म्हटलं. आणि पुढचं सांगायलाही शरम वाटते, तरी सांगतो. राजीनाम्याची बातमी आली तेव्हा माझ्या मनात सगळ्यात आधी तुझी जागा आली. क्षणभर वाटलं, झालं ते बरंच झालं. लेख लिहून मी तो क्षण बुजवत होतो.

तुझा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी मेळाव्याचं नाव काढताच त्या म्हणाल्या, "माहेरवाले ना तुम्ही? या. हसायचं राहिलंय का अजून काही?" आत डेमोमास्तर फ्रिजला टेकून बसले होते, हातात सूर लावायची छोटी शिट्टी. त्याच म्हणाल्या, "दिवसभर हेच. फ्रिज कुठल्या पट्टीत घरघरतो ते बघतात. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं तर नको म्हणतात, तो काय सांगेल म्हणून." कीबोर्डवर खोळ चढवलेली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. एकही विनोद न करता इतकं सलग मी बहुधा प्रथमच बोललो असेन.

त्यांनी शिट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "वजा एक?" मी म्हटलं, वजा एक. "नक्की? वजा दोन नाही ना?" उठले, खोळ काढली, चष्मा लावला, वजा एक केलं, तीच ओळ वाजवली, मान वाकडी करून ऐकली. शून्य केलं, पुन्हा वाजवली. दुखरा दात जिभेने चाचपून बघावा तसं किती वेळा केलं. मग माझ्याकडे वळले आणि जे सुनावलं ते सुनावलं. दुसऱ्याच्या वाद्याला हात लावताना विचारावं ही साधी रीत तुम्हा शिकल्यासवरल्यांना कुणी शिकवत नाही का, इथपासून सुरुवात झाली. मी ऐकून घेतलं. शेवटी आवाज खाली आला. म्हणाले, "बटण चुकून दाबलंत, ते समजलं. लोकांना हसवलंत, ते चुकून नव्हतं." थोड्या वेळाने स्वतःशीच म्हणाले, "तरी अर्धा सूर उतरलेला मला कळला नाही, हे उरतंच." त्यांच्या बायकोने ते तोडून टाकलं, "एवढ्या गोंगाटात काय कळणार? मी बोललेलं तुम्हाला घरातसुद्धा ऐकू येत नाही, ती वेगळी गोष्ट. डॉक्टरकडे जायचंय, आणि कंपनीत पण." ते हसले नाहीत, पण पुन्हा स्टुलावर बसले आणि ती धून वाजवत राहिले, शेवटापर्यंत. विकायला समोर कुणीच नव्हतं. माझ्या एका तिखट प्रश्नाचं उत्तर मला असं न विचारताच मिळालं.

तिथून मी कंपनीत गेलो, व्यवस्थापकांना सांगितलं. बासरीवाल्यांनाही फोन करून सांगितलं, ते म्हणाले, "तरीच." लेख फाडून टाकला आणि संपादकबाईंना एका ओळीत कळवलं, की त्या दिवशीचा विनोदी भाग मीच होतो. आता हे पत्र का, ते सांगतो. व्यवस्थापक म्हणाले, "ते परत येत असतील तर आम्हाला तेच हवेत. पण जागा एकच आहे. नव्या मुलीला नाही म्हणून कळवावं लागेल." ती मुलगी माझी, हे त्यांना माहीत नव्हतं, मीही सांगितलं नाही. "कळवा," म्हणालो. तेव्हा खुडबुडे, एक-दोन दिवसांत तुला त्यांचा फोन येईल. तो येण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं, कारण तुझी नोकरी सरांनी किंवा कंपनीने काढून घेतलेली नाही. आधी माझ्या बोटाने ती तुला दिली आणि मग माझ्याच तोंडाने परत घेतली, दोन्ही वेळा तुला न विचारता. फोनवर सांगणार होतो, पण तुझी आई म्हणाली, "फोनवर तू विनोद करशील. लिही." तू रागाव. कितीही दिवस रागाव, मी घाईने मनवायला येणार नाही. एक गोष्ट फक्त तुझी माझ्याकडे राहिली होती. सरांच्या घरून निघताना दारात मी त्यांना तुझा प्रश्न विचारला, काट मारलेला. ते थांबले. म्हणाले, "बासरीवाल्याला दम लागतो, यंत्राला लागत नाही. त्याच्या वाटचा श्वास कुणीतरी घ्यायला हवा ना. मी हात उचलतो तेव्हा खरंच घेतो." मग विचारलं, "हे कुणाच्या लक्षात आलं?" मी म्हटलं, माझ्या मुलीच्या. म्हणाले, "तिचा कान चांगला आहे. तिला सांगा." म्हणून सांगतो.

तुझाच,
खुडबुड्या बाबा